जॉयस्टिक सोडली तरी रोबो थांबत नाही? दोष रेडिओत आहे की संदेशात, ते शोधण्याचा क्रम

आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी३२ या छोट्या प्रोग्राम-बोर्डांवर चालणारा दोन मोटरींचा छोटा रोबो, हातात जॉयस्टिकचा रिमोट, आणि मध्ये एनआरएफ२४एल०१, एचसी-०५ किंवा एचसी-१२ यांपैकी एखादं रेडिओ मॉड्यूल (एचसी-०५ म्हणजे ब्लूटूथ). शाळेच्या प्रयोगशाळेपासून तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत हीच जोडणी दिसते, आणि तक्रारही तीच असते: टेबलावर सगळं नीट चालतं, खळ्यात नेलं की रोबो ऐकत नाही. पहिला संशय मॉड्यूलवर जातो. नवं मागवलं जातं, ते पुण्या-मुंबईहून येईपर्यंत आठवड्यातले चार दिवस जातात, आणि नव्यावरही तेच. बहुतेक वेळा रेडिओ आपलं काम चोख करत असतो. त्याच्याकडे दिलेला संदेश अर्धवट असतो, किंवा आलेल्या संदेशावर कधी विश्वास ठेवायचा हे रोबोला सांगितलेलंच नसतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

- फोनवरून एचसी-०५ ने चालवताना उशीर वाढत जातो. पहिल्या मिनिटाला ठीक, तिसऱ्या मिनिटाला रोबो दोन सेकंद मागे. (तपासणी ५)
- उशीर वाढत नाही, पण प्रत्येक हुकूम जवळजवळ बरोबर एक सेकंद उशिरा लागू होतो. (तपासणी ५)
- मोटर जोरात सुरू झाली किंवा दिशा उलटली की संपर्क जातो. (तपासणी १)
- सकाळी बंद, दुपारी उन्हात चालू. पावसाळ्यात हे हमखास. (तपासणी २)
- एकटा असताना उत्तम, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दुसऱ्याच कुणाच्या रिमोटवर नाचतो. (तपासणी ३)
- संदेश येतात, पण आकडे भलतेच: पुढे ढकललं की डावीकडे वळतो, बटणाची किंमत वेगात दिसते. (तपासणी ६)
- चालू केल्यापासून साधारण ३३ सेकंदांनी थांबतो, रीसेट केला की पुन्हा तेवढाच वेळ चालतो. (तपासणी ८)
- रेंजबाहेर गेला की थांबण्याऐवजी शेवटच्या वेगाने धावत राहतो. हे लक्षण असेल तर बाकी सगळं सोडून आधी तपासणी ८ करा. जेटीवर किंवा खाडीच्या काठाला असा रोबो नेऊच नये.

तपासताना रोबोच्या पोटाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे चाकं हवेत फिरतील. यापुढचं सगळं त्या अवस्थेतच करायचं आहे.

१. वीज: खर्च शून्य ते दहा रुपये

प्रोग्रामच्या सुरुवातीला एलईडी तीनदा लुकलुकेल अशा ओळी टाका. मग मोटर एकदम पूर्ण पुढे, एकदम पूर्ण मागे करा. मध्येच एलईडी पुन्हा तीनदा लुकलुकला, तर संपर्क तुटलेला नाही. बोर्डच रीसेट झाला आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि नॅनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर दोन मोटरी चालवायला गेलात तर हे होणारच. १८६५० च्या (गोल लिथियम) दोन सेल एकापुढे एक जोडून वापरा, आणि प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट डागा. त्याने ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाटही दबतो.

एनआरएफ मॉड्यूलसाठी एक फुकटची परीक्षा आहे. प्रोग्राममध्ये प्रक्षेपणाची शक्ती सगळ्यात कमी करा. शक्ती कमी केल्यावर संपर्क *सुधारला*, तर मॉड्यूलला वीज पुरत नाही असं समजा. लांब अँटेनाचं मॉड्यूल पूर्ण शक्तीने बोलताना १०० मिलिअँपिअरच्या वर ओढतं, आणि आर्डुइनो ऊनो बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन ५० च देऊ शकते. मॉड्यूलच्याच पायांवर, प्लस आणि ग्राउंडमध्ये, १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (लांब पाय प्लसला). तेवढ्याने भागलं नाही तर ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेली छोटी अडॅप्टर पट्टी घ्या. मॉड्यूलला ५ व्होल्ट मात्र कधीही देऊ नका. त्याची कमाल मर्यादा ३.६ आहे. माहितीच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, वीजपुरवठ्याची पिन नाही.

लांब अँटेनाची दोन मॉड्यूल टेबलावर हातभर अंतरात पूर्ण शक्तीने तपासू नयेत, समोरच्याचे कान बधिर होतात. निदान दोन मीटर अंतर ठेवा.

२. खारी हवा: खर्च एक जुना टूथब्रश

किनाऱ्यावर ही तपासणी वगळून चालत नाही. जंपर वायरच्या (टोचून जोडायच्या वायरच्या) टोकातली पत्री आणि हेडरच्या (बोर्डावरच्या उभ्या) पिना यांच्यावर खाऱ्या ओलाव्याने हिरवट-करडा थर बसतो. रात्री ओल धरते, दुपारी सुकते, म्हणून रोबो दिवसाच्या वेळेनुसार वागतो.

मल्टिमीटरच्या 'टूं' आवाजावर इथे विसंबू नका, काही दहा ओहमच्या रोधालाही तो वाजतो. ओहमचा आकडा वाचा आणि वाचताना वायर हलवा. चांगल्या जोडाचा आकडा एक ओहमच्या आसपास स्थिर राहतो, हलवल्यावर उड्या मारत असेल तर ती वायर टाकून द्या. बॅटरी काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसा, पूर्ण सुकू द्या. कायमचा रोबो असेल तर जंपर सोडून वायर थेट डागाव्यात आणि बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलाव्यापासून जपणाऱ्या लेपाचा) हात द्यावा. हेडर, जॉयस्टिकची यंत्रणा आणि मॉड्यूलवरची नागमोडी अँटेना यांवर मात्र ते लागू देऊ नका.

याच वेळी अँटेना कुठे आहे ते पाहा. पत्र्याच्या चासीला चिकटलेली किंवा बॅटरीच्या मागे दडलेली असेल तर तिला मोकळ्या हवेत वर आणा. एनआरएफ आणि एचसी-०५ ज्यावर बोलतात त्या २.४ गीगाहर्ट्झच्या लहरींना पाणी आवडत नाही: पावसाने भिजलेली जांभ्याची भिंत, ओल्या झावळ्या, आणि रिमोट पोटाशी धरलेला माणूस, हे सगळे त्यांना अडवतात. पडवीत उभं राहून मागच्या परसातला रोबो चालवायचा हट्ट धरू नका. जिथून रोबो डोळ्यांना दिसतो तिथूनच चाचणी घ्या.

३. चॅनेल आणि पत्ता: खर्च दोन ओळी

मॉड्यूलच्या लायब्ररीसोबत (तयार कोडसोबत) आलेल्या नमुना प्रोग्राममधला पत्ता आणि चॅनेल सगळेच जसाच्या तसा उचलतात. मग हॉलमधले पाच रोबो एकाच नावाला ओ देतात. एनआरएफमध्ये त्रास दुहेरी आहे, कारण एकाच पत्त्याचे दोन रोबो पोचपावतीही एकाच क्षणी पाठवतात, त्या एकमेकींवर आदळतात आणि रिमोटला वाटतं की कुणालाच ऐकू गेलं नाही. पाच बाइटचा (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) स्वतःचा पत्ता ठरवा. सगळे शून्य, सगळे एक किंवा ०१०१ असा एकसुरी नमुना नको, चिप त्यात फसते.

चॅनेलबाबत एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो: वायफाय टाळायला १०० च्या पुढचं चॅनेल घ्या. एनआरएफचं चॅनेल म्हणजे २४०० अधिक तो आकडा, मेगाहर्ट्झमध्ये. भारतात परवान्याशिवाय वापरायचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे ८३ च्या पुढे जाणं नियमाबाहेर. शिवाय त्याची गरजही नसते. वायफायचं ११ वं चॅनेल सुमारे २४७३ ला संपतं, त्यामुळे ७५ ते ८० हा भाग बहुतेकदा मोकळा सापडतो. लायब्ररीतला स्कॅनर चालवून तिथली खरी गर्दी बघा. लायब्ररीचं ठरलेलं चॅनेल ७६ आहे, म्हणून प्रदर्शनात ते सोडून शेजारचं घ्या.

एचसी-१२ सुद्धा कारखान्यातून चॅनेल १ वरच येतं. त्याची १०० चॅनेल ४३३.४ पासून ४७३ मेगाहर्ट्झपर्यंत पसरली आहेत, पण आपल्याकडे परवाना नको असलेला पट्टा ४३३ ते ४३४ एवढाच. त्यात पहिली दोनच बसतात. त्यामुळे गर्दीत एचसी-१२ ला चॅनेल बदलून वाचवता येत नाही. संदेशातच गट क्रमांक घालावा लागतो (तपासणी ७).

४. क्रमांक घाला आणि मोजा

इथून पुढे अंदाज बंद. प्रत्येक संदेशात ० ते २४९ असा फिरता क्रमांक टाका आणि रोबोकडून तो सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) छापून घ्या. ४१, ४२, ४३, ४७ असं दिसलं तर तीन संदेश गळाले. शंभरात दोन-चार गळणं ठीक आहे, तेवढं गृहीत धरूनच रचना करायची असते. वीस-तीस सलग गळत असतील तर पुन्हा १ ते ३ वर जा. आणि एकही गळत नसूनही रोबो चुकत असेल तर रेडिओ निर्दोष आहे, दोष पुढच्या तपासण्यांत सापडेल. मॉड्यूल बदलायचं की नाही हे या एका छापील यादीवरून ठरतं.

जुना क्रमांक आला की संदेश नाकारायचा, असा नियम लिहू नका. रिमोट बंद करून चालू केला की क्रमांक शून्यावर येतो आणि रोबो त्याला जुना समजून नाकारत बसतो. मागच्याइतकाच क्रमांक आला तर तेवढा सोडा.

५. उशीर

बरोबर एका सेकंदाचा उशीर असेल तर उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. रीडस्ट्रिंग हे फंक्शन आणखी काही येतंय का म्हणून १००० मिलिसेकंद वाट पाहतं. ते काढा. आलेला एकेक बाइट उचलून आपल्या अॅरेत (आकड्यांच्या रांगेत) ठेवा, आणि संदेश पूर्ण झाल्यावरच त्याकडे बघा. रोबोच्या मुख्य लूपमधले (सतत फिरत राहणाऱ्या भागातले) सगळे डिले (थांबे) पण काढा. नॅनोचा सीरियल बफर (आलेले बाइट साठवायची जागा) ६४ बाइटचा आहे. शंभर मिलिसेकंद झोप काढलीत की तो भरतो, पुढचे बाइट वाया जातात आणि संदेश मधूनच फाटतात.

वाढत जाणारा उशीर हा हिशेबाचा दोष आहे. ९६०० बॉड या वेगाला एक बाइट जायला सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतो. 'डावी=+०६०, उजवी=-०४५' अशा थाटाचा वीस अक्षरी मजकूर २१ मिलिसेकंद खातो. फोनचं अॅप दर १० मिलिसेकंदांनी तो पाठवत असेल तर ब्लूटूथ काही फेकत नाही, साठवत जातं. मग रोबो तुमची दोन सेकंदांपूर्वीची बोटं पाळतो. दर ५० मिलिसेकंदांनी एक संदेश, म्हणजे सेकंदाला २०, छोट्या रोबोला पुरेसा आहे.

एनआरएफमध्ये ऐकणाऱ्याकडे तीन संदेश साठतात. लूपच्या प्रत्येक फेरीत साठा रिकामा होईपर्यंत वाचा आणि फक्त शेवटच्यावर कृती करा. पुनःप्रयत्न पण कमी करा. चिप १५ वेळा पाठवू शकते, पण जॉयस्टिकच्या बाबतीत जुना संदेश पंधरा वेळा सांगण्यापेक्षा ५० मिलिसेकंदांनी येणारा ताजा बरा. दोन-तीन पुरे.

६. दोन बोर्डांची वेगळी मापं

रिमोट नॅनोचा आणि रोबो ईएसपी३२ चा असेल तर इथेच घोडं अडतं. नॅनोवर इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा, ईएसपी३२ वर चार बाइटचा. एक बाइट, दोन इंट आणि शेवटी एक बाइट असा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या आकड्यांचा गठ्ठा) नॅनोवर ६ बाइट होतो आणि ईएसपी३२ वर १६. पहिला आकडा बरोबर येतो, पुढचे सगळे सरकतात.

१६ बिटांचा (दोन बाइटचा) ठराविक प्रकार वापरला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. ईएसपी३२ आकडे सोयीच्या पत्त्यावर ठेवायला मध्ये रिकामे बाइट घालतो; तोच स्ट्रक्ट तिथे ८ बाइट भरतो. उपाय दोन: स्ट्रक्टला पॅक्ड (मध्ये रिकामे बाइट नकोत असा) जाहीर करा, किंवा सगळं एकेका बाइटमध्येच बसवा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा, कारण जॉयस्टिकचे १०२४ टप्पे मोटरला कधीच लागत नाहीत. दोन्ही बाजूंनी साइझऑफचा (स्ट्रक्टच्या आकाराचा) आकडा छापून बघा. तो जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७. संदेशाची नवी मांडणी

एवढं करून रोबो अधूनमधून झटके देत असेल तर संदेशच नव्याने मांडावा लागेल. यात एक संध्याकाळ जाते, पण हीच दुरुस्ती टिकते.

नियम पहिला आणि सगळ्यात मोठा: संदेशात बदल सांगू नका, स्थिती सांगा. 'वेग १० ने वाढव' हा संदेश गळाला की रिमोट आणि रोबो यांचा हिशेब कायमचा चुकला. 'डावी मोटर ६०' गळाला तर पुढच्या ५० मिलिसेकंदांत तोच पुन्हा येतो. दिव्याच्या बटणालाही हेच लागू: 'दिवा उलटा कर' नको, 'दिवा चालू' हवं. शिटी एकदाच वाजवायची असेल तर शिट्यांचा मोजणी-आकडा पाठवा; तो बदललेला दिसला की रोबोने वाजवावी.

एचसी-०५ आणि एचसी-१२ हे नुसता बाइटांचा ओघ देतात, संदेश कुठे सुरू झाला ते सांगत नाहीत. त्यासाठी ही आठ बाइटची मांडणी:

- बाइट १: सुरुवातीची खूण, नेहमी २५५
- बाइट २: गट क्रमांक, तुमच्या रोबोचा, २५० च्या आतला
- बाइट ३: फिरता क्रमांक, ० ते २४९
- बाइट ४: डावी मोटर, ० ते २००, थांबा म्हणजे १००
- बाइट ५: उजवी मोटर, तसंच
- बाइट ६: सात बटणं, एकेका बिटात, म्हणजे जास्तीत जास्त १२७
- बाइट ७: रिमोटच्या बॅटरीचं व्होल्टेज गुणिले दहा
- बाइट ८: चेकसम (संदेश बिघडला का ते तपासायचा आकडा)

यात २५५ हा आकडा खुणेशिवाय कुठेच येऊ शकत नाही, त्यामुळे मध्येच ऐकायला लागलेला रोबोही पुढच्या २५५ ला सावरतो. चेकसम म्हणजे ९० अधिक बाइट २ ते ७ ची बेरीज, भागिले २५१ करून उरलेली बाकी. ९० कशाला? सगळे शून्य आले तर नुसती बेरीजही शून्य येते आणि तो कचरा खरा ठरतो. साध्या बेरजेला दोन बाइटांची अदलाबदल कळत नाही. त्यासाठी आठ बिटांचा सीआरसी (बाइटांचा क्रमही तपासणारा चेकसम) लागतो; पण तो कधी २५५ ही येऊ शकतो, मग खुणेची वरची खात्री उरत नाही.

एनआरएफवर बाइट १ आणि ८ लागत नाहीत. संदेश पूर्ण येतो किंवा येतच नाही, सीआरसी चिप स्वतः तपासते. तिथे वेग उणे १०० ते अधिक १०० ठेवा, म्हणजे रिकाम्या मेमरीतल्या शून्याचा अर्थ 'थांबा' होतो. वरच्या सीरियल मांडणीत शून्य म्हणजे पूर्ण वेगाने मागे! म्हणून रोबोमधल्या वेगाच्या दोन्ही चलांना सुरुवातीलाच १०० द्यायला विसरू नका.

८. संदेश थांबले तर थांबणं

शेवटचा *खरा* संदेश येऊन ३०० मिलिसेकंद झाले की दोन्ही मोटरी बंद. सेकंदाला अर्धा मीटर धावणारा रोबो तेवढ्यात १५ सेंटिमीटर जातो. वेगवान रोबोला आकडा कमी करा, पण १५० च्या खाली नको, नाहीतर दोन-तीन संदेश गळाले तरी तो अडखळेल.

यात तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, कुठलाही बाइट आला की ३०० मिलिसेकंदांची मोजणी नव्याने सुरू करणं. मग शेजारच्या रिमोटचा गोंगाटही रोबोला जिवंत ठेवतो. गट क्रमांक आणि चेकसम पटल्यावरच वेळ नोंदवा. दुसरी, ती वेळ इंटमध्ये ठेवणं. नॅनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच मोजतो. मिलिसेकंदांत ते ३२.७ सेकंद. त्यानंतर वजाबाकी बिघडते, रोबोला वाटतं संपर्क कधीचाच तुटलाय. लक्षणांतल्या ३३ सेकंदांचं मूळ हे. त्याऐवजी चार बाइटचा अनसाइन्ड लाँग वापरा. तिसरी, संपर्क परत येताच लगेच धावणं. जॉयस्टिक मध्यावर असलेला निदान एक संदेश आल्याशिवाय मोटरी सोडू नका.

मग परीक्षा घ्या: पूर्ण वेगात असताना रिमोटची बॅटरी उपटा. चाकं थांबली पाहिजेत. लागोपाठ दहा वेळा, दहाही वेळा.

इथे थांबा

बॅटरी फुगली, गरम झाली किंवा गोडसर वास आला तर तपासणी तिथेच संपली. ती उघड्या जागी, मातीवर ठेवा, चार्जिंगला लावू नका, आणि बॅटरी पॅक बांधणाऱ्या जाणकाराला दाखवा. २३० व्होल्टचा चार्जर उघडायचा असेल तर तेही काम त्याचंच.

चिप ओळखलीच जात नाही, म्हणजे तपशील छापल्यावर सगळीकडे शून्य किंवा सगळीकडे एफएफ (म्हणजे २५५) येतं, वायर आणि वीज तपासून झाली, दुसऱ्या बोर्डावरही तेच, तर ते मॉड्यूल मेलं आहे. त्यावरचे बारीक भाग घरच्या डागणीने बदलू नका. दोन वेगळी मॉड्यूल बदलूनही एका ठरावीक जागीच संदेश गळत असतील, तर तिथला गोंगाट मोजायला स्पेक्ट्रम अॅनालायझर लागतो. जवळच्या पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात विचारा. रेंज वाढवायला बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडू नका. आणि रोबोला पातं असेल, तो पाण्यावर चालणारा असेल किंवा माणसाला लागेल इतका जड असेल, तर तपासणी ८ स्वतः लिहून मोकळे होऊ नका. मोटरीची वीज तोडणारा वेगळा रिले आणि हाताने दाबायचं लाल बटण जाणकाराकडून बसवून घ्या.

जाणकाराकडे जाताना रोबो आणि रिमोट दोन्ही न्या. सोबत संदेशाच्या बाइटांची यादी कागदावर लिहून, आणि तपासणी ४ मधले निदान पाचशे क्रमांक छापून न्या.